बालवाडीचं टाचण: गोलातली पहिली दहा मिनिटं

टाचण म्हणजे वर्गात काय घ्यायचं याची आधी लिहून ठेवलेली नोंद. टाचण वहीत रकाने किती पाडायचे, उद्दिष्टं कुठे लिहायची, हे तुम्हाला येतं. ती वही पर्यवेक्षिका बघून जातात. सकाळी पंचवीस पोरं समोर बसल्यावर जे कामाला येतं ते टाचण बहुतेकदा वेगळ्याच चिठोऱ्यावर असतं. मी त्या चिठोऱ्याबद्दल लिहितेय.

आधी एक वस्तू ठरवा. 'आपले मदतनीस', 'पाळीव प्राणी' असले मथळे वहीत शोभतात, पोरांच्या हातात काहीच देत नाहीत. आपल्या सोलापुरात टॉवेल घ्या. तो घरोघरी असतो, आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरांतली कितीतरी मुलं मागाच्या खडखडाटातच झोपायला शिकलेली असतात. एक टॉवेल तीन दिवस सहज पुरतो. शेंगांचाही मोह होतो, पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अख्खा शेंगदाणा अडकू शकतो. त्यामुळे शेंगा नकोत.

वेळ: तीन-चार वर्षांच्या मुलांचा गोल, म्हणजे गोल बसून गप्पा, दहा मिनिटं. पुढे तुम्हीच एकट्या बोलत असता.

आता गप्पा. सगळं टाचण इथेच फसतं.

या जागी जवळजवळ सगळ्याजणी एकच ओळ लिहितात: 'चित्र दाखवून प्रश्न विचारणे.' मीही लिहायचे. सुरुवातीच्या वर्षी पूर्व भागातल्या एका बालवाडीत हत्तीचा तक्ता घेऊन बसले आणि विचारलं, "हा कोण?" सगळे गप्प. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "एनुगू." मी अगदी हसतमुखाने म्हटलं, "नाही गं, हत्ती म्हण." ती काही म्हणाली नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तरी गोलात तिचं तोंड उघडलं नव्हतं. तेलुगूत हत्तीला एनुगूच म्हणतात, हे मला एका मदतनीस ताईंनी सांगितलं, तेही मी विचारल्यावर. पोरीने बरोबर उत्तर दिलं होतं आणि मी तिला चारचौघांत चूक ठरवलं होतं.

तेव्हापासून गप्पांचं टाचण मी असं लिहिते. पहिला प्रश्न हाताने उत्तर देता येईल असाच. "टॉवेल कसा पिळतात, दाखव बरं." घरी तेलुगू असो, कन्नड असो की दखनी उर्दू, पिळता सगळ्यांना येतं. दोन मिनिटांत जवळजवळ सगळी मुलं गोलात येतात, आणि कोण अजून बाहेर आहे हेही दिसतं.

मग समासात घरचे शब्द. पाणी: नीळ्ळु, नीरु, पानी. हे मोबाईलवर शोधू नका. इथल्या घरांतली तेलुगू मराठीत कालवलेली असते. मूल सोडायला आलेल्या आईला दारातच विचारा. वर्गात मुलाने घरचा शब्द उच्चारला की तो आपण उच्चारायचा आणि लगेच मराठी: "हो, नीळ्ळु. पाणी." एवढंच. 'नाही' म्हणायचं नाही, आणि "सगळ्यांनी म्हणा, पाणीऽऽ" असा घोषही करायचा नाही.

आणि प्रश्नापुढे ठळक लिहा: 'थांबा, पाच.' मनात पाच आकडे मोजायचे. हसू नका, हे लिहावंच लागतं. शांतता आपल्यालाच सोसत नाही, आणि उत्तर आपणच देऊन मोकळ्या होतो.

प्रशिक्षणात कुणीतरी विचारतंच, "मग मराठी कधी शिकणार ती?" पायाभूत स्तराचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा मुलांच्या घरच्या भाषेवरच भर देतो, पण आराखडा सांगून कुणाला पटलेलं मी पाहिलेलं नाही. त्याऐवजी मी एका तेलुगू मदतनीस ताईंना पुढे बसवते आणि मराठी सेविकांना जमिनीवर. दहा मिनिटं फक्त तेलुगू. "इक्कड रा" म्हटल्यावर दोघी-तिघी उठतात, कारण ते 'इकडे'सारखं ऐकू येतं. पुढचं काही कळत नाही. चौथ्या मिनिटाला आपसात कुजबुज, कुणी नखं बघतंय, कुणी खिडकीबाहेर. वर्गात यालाच आपण दंगा म्हणतो. यानंतर तो प्रश्न पुन्हा येत नाही.

बडबडगीत एक, हातवारे करून. मुक्त खेळाला बादली, टॉवेल आणि थोडं पाणी द्या, आणि बाजूला व्हा. तीन वर्षांच्या मुलाला पाटीवर गिरवायला लावू नका, पालक कितीही मागे लागले तरी.

मुलं गेल्यावर चिठोऱ्याच्या मागे दोन नावं लिहा: आज कोण बोललं नाही. दुसऱ्या दिवशी टॉवेल पहिल्यांदा त्यांच्या हातात.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली की ठरवलेली वस्तू बाजूला ठेवा. त्या आठवड्यात पोरं दुसरं काही ऐकत नाहीत. वर्तमानपत्राच्या सुरळ्या करा, टोकाला रंगीत कागद लावा आणि वर्गातच मिरवणूक काढा. सुरळ्या मात्र पटाइतक्या हव्यात. यात्रेच्या मिरवणुकीतले नंदीध्वज, म्हणजे त्या सजवलेल्या उंच काठ्या, सातच असतात हे समजवायला मी एकदा गेले होते. प्रत्येकाला आपापला हवा असतो.