शेततळ्याचं पाणी आजच मोजा, मे उजाडायची वाट बघू नका

मे-जूनमध्ये हिमाचलात बर्फ वितळतं आणि भाक्रा धरणाचा गोविंदसागर जलाशय पावसाआधीच भरायला लागतो. जालना-पैठणकडच्या शेततळ्याला असा मागून आधार नाही. मार्चनंतर पाणी फक्त उतरतं. तरी दिसतं ते सगळं पाणी झाडांचंच धरलं जातं, उन्हाचा वाटा कोणी काढत नाही, आणि बाग तिथेच जळते.

30×30×3 मीटरच्या, 1:1 उताराच्या (मीटरभर खोलीला कड मीटरभर आत) तळ्यात काठोकाठ सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. खोली निम्मी उरली की पाणी निम्मं उरत नाही. उतारामुळे पावणेदहा लाखच उरतं. तळाचं फूटभर सोडा, नाहीतर अस्तराचं उघडं पडलेलं प्लास्टिक उन्हाने खराब होतं. हाती राहिलं आठ लाख. मोसंबीची 220 झाडं, झाडाला रोज 80 लिटर, म्हणजे 17,600 लिटर. दिवसाला 8 मिलिमीटर वाफ धरली तर वर साडेपाच हजार. 1 एप्रिलपासून हे पाणी 5 मेपर्यंत जातं. वाफ आणि तळ न धरणारा 25 मेपर्यंत निश्चिंत असतो!

म्हणून मोजपट्टी लावा. घमेल्यात काँक्रीट भरून त्यात पाइप उभा करा, त्यावर दर 10 सेंटिमीटरला रंगाची खूण करा, खाली दुहेरी गोणपाट घालून दोराने अलगद सोडा. दर सोमवारी सकाळी आकडा लिहा.

पाणी हिशेबापेक्षा जास्त उतरतंय असं वाटलं तर पंप बंद ठेवून पाण्याने भरलेली बादली तळ्यातच कडेला पक्की बसवा. आतली-बाहेरची पातळी सारखी करा, दोन दिवसांनी बघा. बाहेरचं पाणी जास्त उतरलं तर प्लास्टिक फाटलंय.

पश्चिमेच्या वाऱ्याने पाणी जास्त उडतं असा आमचा अंदाज आहे, त्या बाजूला शेवरी लावा.

पाणी कमी पडणार असेल तर आत्ताच अशक्त फांद्यांवरची फळं उतरवा. दुकानदार महागडी पाणी धरणारी पावडर गळ्यात मारेल. आधी आळ्यात पाचट घाला, 10 सेंटिमीटर जाड.

इतर कामं:
- केओलीन (पांढऱ्या मातीची पावडर) 8 टक्के फवारणी (10 लिटरला 800 ग्रॅम)
- पोटॅशियम नायट्रेट 1 टक्का (10 लिटरला 100 ग्रॅम)
- ठिबक रात्री किंवा पहाटे
- ठिबकचे फिल्टर, लॅटरल (झाडांकडच्या नळ्या) धुणे
- खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप)
- कोणी पडलं तर म्हणून तळ्याकाठी दोर आणि हवा भरलेली ट्यूब

पाण्याचा हिशेब 7 जूनच्या मृगापर्यंत करू नका, 30 जूनपर्यंत करा.