कुंडीत फॉस्फेट टाकण्याआधी हे वाचा

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या बाल्कनीत मोगरा, जास्वंद, मिरच्या असं सगळं आहे, आणि सोसायटीत मला सारखं विचारतात की पानं भरपूर येतात पण फुलं नाहीत, फॉस्फेट टाकू का. थांबा, आधी ऊन बघा. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल, समोर टॉवर उभा राहिला असेल, तर कितीही खत घाला मोगरा फुलणार नाही. फॉस्फेट खरंच कमी असेल तर झाड खुरटं राहतं आणि जुनी, खालची पानं काळपट हिरवी किंवा जांभळट होतात. ते दिसतंय का ते बघा.

खताच्या पिशवीवर नत्र, स्फुरद, पालाश असं असतं ना, त्यातलं मधलं स्फुरद म्हणजेच हे फॉस्फेट. मुळं धरायला, फुलं यायला, बी भरायला लागतं. आपल्या हाडात-दातात पण कॅल्शियमबरोबर फॉस्फेटच असतं, म्हणून तर हाडांचा चुरा, म्हणजे बोनमील, खत म्हणून चालतो.

आता मुख्य गोष्ट. युरिया पाण्याबरोबर खाली जातो, फॉस्फेट तसं जात नाही, जिथे पडेल तिथेच चिकटून बसतं, आणि आपल्याकडे नर्सरीत जी लाल माती मिळते तिच्यात लोह असतं ते त्याला घट्ट धरून ठेवतं. म्हणजे वरून भुरभुरवलेलं खत वरच्या दोन बोटातच राहतं, मुळं खाली उपाशी.

म्हणून कुंडी भरतानाच मिसळा. १२ इंची कुंडीला एक चहाचा चमचा सिंगल सुपर फॉस्फेट पुरे (त्यात १६ टक्के स्फुरद असतं, वर कॅल्शियम आणि गंधक पण मिळतं), पण ते आधी शेणखतात किंवा गांडूळखतात नीट कालवा आणि मग माती घाला, असं केलं की मातीतलं लोह त्याला लगेच पकडत नाही. रासायनिक नको असेल तर दोन मोठे चमचे बोनमील, ते सावकाश, कित्येक महिने लागू पडतं. दोन्ही एकदम नको. झाड आधीच लावलेलं असेल तर कडेने पेन्सिलीने तीन-चार भोकं पाडून त्यात घाला आणि पाणी द्या.

डीएपी, म्हणजे डाय-अमोनियम फॉस्फेट खताचं मात्र जपून. त्यात ४६ टक्के स्फुरद आणि १८ टक्के नत्र, शेतासाठी ठीक आहे, कुंडीला पाच-सात दाणे बास, तेही खोडापासून चार बोटं लांब. मी जास्वंदीला मूठभर घातलं होतं. नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या, मला वाटलं खत कमी पडतंय म्हणून अजून घातलं. खरं तर स्फुरद जास्त झालं की झाडाला लोह आणि जस्त घेता येत नाही. शेवटी अर्धी माती काढून नवी भरली तेव्हा कुठे दोन महिन्यांनी झाड सावरलं.

जून ते ऑगस्ट काही घालू नका. आपल्याकडच्या पावसात कुंडी ओसंडून वाहते आणि मातीसकट सगळं गटारात, तिथून तलावात नाहीतर खाडीत जातं. तलावातल्या शेवाळाला बहुतेक वेळा फॉस्फेटचीच कमी असते, ते मिळालं की पाणी हिरवं होतं, जलपर्णी माजते, मग शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. तलावांचं शहर म्हणवतो आपण, २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, मला याचं खरंच वाईट वाटतं. कपड्यांची पावडर घेताना पण फॉस्फेट नसलेली बघून घ्या. आणि पावडरीत फॉस्फेट आहे, झाडांना चालेल, असं समजून कपडे धुतलेलं पाणी झाडांना घालू नका, त्यातलं सोडियम माती बिघडवतं.

अजून एक, नत्र खत हवेतल्या नायट्रोजनपासून बनतं, फॉस्फेट मात्र खाणीतल्या दगडातूनच काढावं लागतं. आपल्या देशात उदयपूरजवळ झामरकोटड्याला खाण आहे, पण ते पुरत नाही, मोरोक्को, जॉर्डनहून आणावं लागतं. म्हणून चमचा मोजूनच घ्या, ऑक्टोबरमध्ये कुंड्या बदलताना एकदा घाला, मग सहा महिने त्या पुड्याला हात लावू नका.