जुना संगणक सुरू होत नसेल, तर फॉरमॅट करण्याआधी

घरातला दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप सुरू होईनासा झाला की बरेच जण थेट विंडोज नव्याने टाकून घ्यायला निघतात. ही घाई टाळावी. बिघाड बहुतेक वेळा विंडोजपर्यंत पोहोचण्याआधीच कुठेतरी असतो आणि फॉरमॅटने तो दूर होत नाही. डिस्कवरचे दुकानाचे हिशेब, सातबाऱ्याच्या प्रती आणि मुलांचे लहानपणीचे फोटो मात्र कायमचे जातात. म्हणून तपासणी बाहेरून आत करावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर संगणक सुरू करून पाहावा.

बटण दाबल्यावर पंखाही फिरत नसेल आणि दिवाही लागत नसेल, तर आधी विजेचा मार्ग तपासावा. त्या प्लगमध्ये टेबल लॅम्प लावून पाहावा, स्पाइक गार्ड आणि यूपीएस वगळून वायर थेट भिंतीच्या सॉकेटला जोडावी आणि कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीवर असलेले छोटे बटण चालू आहे ना, हे बघावे. आपल्याकडे गावोगावी शेतीपंप चालू असताना विजेचा दाब उतरतो आणि वीज गेल्यावर परत येताना झटका बसतो. अशा विजेवर वर्षानुवर्षे चाललेला एसएमपीएस आतून थकत जातो. सकाळी पहिल्यांदा सुरू न होणारा, पण बराच वेळ वीज चालू ठेवल्यावर किंवा चार-पाच वेळा बटण दाबल्यावर सुरू होणारा संगणक बहुधा एसएमपीएसमधले किंवा मदरबोर्डवरचे (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवरचे) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबीसारखे भाग, निकामी होत असल्याचे सांगत असतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोळ्यांनी तपासता येतात: त्यांचा वरचा चकतीसारखा भाग सपाट असायला हवा. तो फुगलेला दिसला किंवा बुडाशी तपकिरी चिकट डाग दिसला, तर दोष सापडला असे समजावे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या अनेक मदरबोर्डांवर मुळातच सदोष कपॅसिटर बसले होते. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विजेचा दाब काही काळ राहू शकतो.

पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो, ही तक्रार पावसाळ्यात जास्त येते. साताऱ्याच्या पश्चिमेला, जावळी, पाटण, महाबळेश्वर या पट्ट्यात, महिनोन्महिने हवा दमट असते आणि रॅमच्या (तात्पुरत्या स्मृतीच्या लांबट पट्टीच्या) पितळी-सोनेरी संपर्कपट्ट्यांवर मळकट थर चढतो. प्रथम मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे ना, हे पाहावे. मग वायर काढून पॉवरचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी, रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या मोकळ्या कराव्यात आणि रॅमची पट्टी कडेने धरून सरळ वर काढावी. तिच्या संपर्कपट्ट्यांवरून पांढरे मऊ खोडरबर एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवावे, कचरा कोरड्या ब्रशने झटकावा, स्लॉटमधली धूळही काढावी आणि खिट्टी ‘टक्’ असा आवाज करून बसेपर्यंत पट्टी दोन्ही टोकांना दाबावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, म्हणजे सदोष कोणती ते कळते. या टप्प्यावर बीपचे आवाज येत असतील, तर किती लांब आणि किती आखूड, हे कागदावर लिहून ठेवावे. त्यांचा अर्थ बायोस (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) कोणत्या कंपनीचा आहे यावर ठरतो आणि तो मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

पुराचे पाणी शिरलेल्या संगणकासाठी हे काहीच लागू नाही. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरांत असंख्य घरांत पाणी आले होते. असा संगणक ‘चालतो का बघू’ म्हणून विजेला लावू नये. हार्ड डिस्क काढून ती डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

तारीख आणि वेळ दर वेळी मागे जात असेल, किंवा सुरू होताना ‘एफ१ दाबा’ असा संदेश येत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदलावा. तो ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळणारा सेल आहे. मात्र सेल संपल्यावर बायोसच्या जुन्या सेटिंग पुसल्या जातात, आणि त्यात डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर गेली, तर विंडोज ७ निळा पडदा दाखवून बंद पडते. डिस्क आणि विंडोज दोन्ही ठीक असूनही फॉरमॅट केले जाते, ते अनेकदा याच ठिकाणी. बायोसमध्ये ती सेटिंग पूर्ववत करावी, एवढेच पुरते.

‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ असे दिसल्यास आधी लावून राहिलेला पेनड्राइव्ह काढावा, मग डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल काढून घट्ट बसवावी आणि बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का, हे पाहावे. डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक-टक’ आवाज येत असेल, तर दुरुस्तीचे प्रयत्न तिथेच थांबवावेत. अशा डिस्कवर चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम) चालवू नये, कारण दुरुस्तीचा तो ताण तिला शेवटचा ठरू शकतो. लिनक्स या मोफत प्रणालीच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर काही न टाकता थेट चालणाऱ्या पेनड्राइव्हवरून, संगणक सुरू करून, डिस्क दिसत असेल तर महत्त्वाच्या फाइल आधी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. दिसत नसेल तर ती जाणकाराच्या हाती द्यावी.

विंडोजचे चिन्ह येऊन पुढे अडकत असेल, तेव्हाच विंडोजकडे वळावे. विंडोज ७ मध्ये सुरुवातीलाच एफ८ दाबून सेफ मोड, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह विंडोज चालवण्याची सोय, मिळते. विंडोज १० मध्ये सुरू होता होता लागोपाठ दोन-तीनदा बंद केल्यास दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो आणि तिथून सेफ मोडमध्ये जाता येते. तिथे संगणक नीट चालला, तर अलीकडे टाकलेला ड्रायव्हर (एखादे उपकरण चालवणारा प्रोग्राम) किंवा इतर प्रोग्राम काढून टाकावा. मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा विंडोज ७ चा नियमित आधार (सुरक्षा सुधारणा) १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे इतके करूनही नव्याने प्रणाली टाकायची वेळ आलीच, तर कमी रॅमवर चालणारी लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती टाकणे मला जास्त योग्य वाटते.