हिरडीतून रक्त येतंय? मग तिथेच ब्रश फिरवा

आमची आत्या सकाळी मिश्री लावून चुलीपाशी बसायची. साठीच्या आतच तिचे खालचे पुढचे दात हलायला लागले. "आत्या, आधी कधी रक्त आलं नव्हतं का?" असं विचारलं, तर म्हणाली, "यायचं की रगत. म्हणून तर तितं घासायचंच सोडलं."

हीच चूक घरोघरी होते. रक्त येतं तिथे मळ साचलेला असतो. ती जागा सोडली की मळ वाढतो, हिरडी आणखी सुजते आणि रक्तही वाढतं.

आधी आरशात बघा

उजेडात उभं राहून ओठ बाजूला ओढा. निरोगी हिरडी घट्ट असते, दोन दातांच्या मधे टोकदार दिसते. रंग गुलाबी असेल किंवा सावळ्या माणसाचा काळसर, त्याची काळजी नको. लालभडक, फुगलेली, चकाकणारी हिरडी मात्र आजारी. पेरू चावताना त्यावर रक्ताचा डाग दिसणं, तोंडाला वास येणं, दात पूर्वीपेक्षा लांब वाटणं, याही खुणाच. दुखेल तेव्हा बघू म्हणाल तर फसाल, कारण हा आजार बहुतेक वेळा दुखतच नाही.

तंबाखू, गुटखा, मिश्रीवाल्यांसाठी वेगळी सूचना. निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आतून आजार वाढत असला तरी रक्त कमी येतं. "मला तर कधी रक्त येत नाही" यावर त्यांनी विसंबू नये.

आत काय चाललेलं असतं

दातावर जंतूंचा चिकट थर सतत बसत असतो. तो निघाला नाही तर लाळेतले क्षार त्यात मिसळून काही दिवसांत टणक होतो. तेच कीटण. ते ब्रशने निघत नाही. हिरडी सुजून दातापासून सुटते आणि फट खोल होत जाते. 3 मिलिमीटरपर्यंतची फट ठीक, त्याहून खोल गेली की दंतवैद्य सावध होतात. पुढे दात धरून ठेवणारं हाडच झिजतं. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो हाच. झिजलेलं हाड आपसूक भरून येत नाही, नुसती सुजलेली हिरडी मात्र पूर्ववत होते.

हे 1965 सालीच दिसून आलं. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी 12 निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात सूज उतरली.

घासायचं कसं

ब्रश मऊ घ्या. कडक ब्रशने भांडी निघतात, हिरड्या सोलतात. मऊ ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे 45 अंशांत तिरके टेकवा आणि जागच्या जागी हलकेच थरथरवा, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडा. एका वेळी दोन-तीन दात. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू चुकवू नका. जिभेखालच्या लाळग्रंथी तिथे उघडतात, म्हणून कीटण तिथेच जास्त चढतं. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. एक वेळ राहिलीच तर सकाळची राहू द्या, रात्रीची नको.

उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावांनी पाण्याची चिंता करू नये. अर्धा पेला पुरतो. पेस्ट थुंकून टाकली की फार चुळा भरू नयेत, तिच्यातलं फ्लोराइड थोडं दातावर राहिलेलं बरं.

मधल्या फटींत ब्रश जात नाही. हुरड्याच्या दिवसांत कुसं आणि फोलं तिथेच अडकतात, मग सेफ्टी पिन नाहीतर काडेपेटीची काडी बाहेर निघते. त्याने हिरडी टोचली जाते. औषधाच्या दुकानातून दातांचा दोरा आणा, फट मोठी असेल तर छोटा बाटलीब्रशासारखा ब्रश मिळतो. पहिले काही दिवस रक्त येईल, येऊ द्या. दोन आठवड्यांनीही थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

मिश्री, राखुंडी, कडुनिंब

कडुनिंबाची काडी नीट चावून मऊ केली तर चालते, पण मागच्या दाढांच्या आतून ती फिरत नाही. राखुंडी आणि कोळशाने दात झिजतात. मिठाच्या कोमट गुळण्यांनी आराम पडतो, कीटण हलत नाही.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे खोटं नाही, निकोटीनने आतडी हलतात. पण त्याचीच सवय लागते, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती वेगळीच. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

दवाखान्यात

कीटण दंतवैद्याकडूनच, मशीनने किंवा हातातल्या अवजारांनी काढून घ्यावं लागतं. "सफाई केली की दात हलतात" ही भीती मी गावोगावी ऐकली. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाने ते झाकून ठेवलेलं असतं. कीटण निघाल्यावर फट उघडी पडते, सुजलेली हिरडी आकसते आणि दोष सफाईवर येतो.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे सफाई स्वस्तात होते. जाताना साखरेचा रिपोर्ट न्या. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. गरोदर बाईच्या हिरड्या हार्मोन्समुळे जास्त सुजतात, तिचीही सफाई करता येते. घरातल्या म्हाताऱ्या नको म्हणाल्या तरी तिला घेऊन जा.