तोंडातली गाठ दाखवायला मिरजेला जाण्यापूर्वी

तोंडातली गाठ, चट्टा किंवा व्रण दोन आठवड्यांत गेला नाही, तर तोंडात लावायचे जेल बदलत बसू नका, तज्ज्ञाची वेळ घ्या. दुखत नाही म्हणून तर मुळीच थांबू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. जत-आटपाडीहून मिरजेला यायचं म्हणजे दिवस मोडतो, तेव्हा घरूनच तयारीनं निघा.

आधी कागदावर लिहा. गाठ पहिल्यांदा कधी लागली, वाढतेय का, रक्त येतं का, त्याच बाजूचा कान दुखतो का, ओठ बधिर वाटतो का. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात का बघा. जात नसतील तर तेही लिहा. जबड्याखाली, मानेला चाचपून बघा. तंबाखू-चुना, मावा, गुटखा किती वर्षं आणि कोणत्या गालात धरता, हे खरं सांगा. मिश्री लावणाऱ्या बाया ‘व्यसन नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तीही सांगायची.

पिशवीत चालू गोळ्यांची पाकिटं, जुने एक्स-रे, साखरेचा रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. गाठीला चुना, तुरटी, लवंगतेल लावू नका; कातडी भाजते आणि मूळ चट्टा ओळखू येत नाही.

तोंड-जबड्याचे सर्जन, कान-नाक-घसातज्ज्ञ किंवा कर्करोगाचे सर्जन, कुणालाही दाखवा. दात टोचून जखम झाली म्हणाले, तर दाताची टोचणारी कड डॉक्टरांकडून गुळगुळीत करून घेतल्यावर दोन आठवड्यांत ती भरायला हवी. नाही भरली तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी. तुकडा काढल्यानं रोग पसरतो ही भीती घरोघरी आहे, तिला बळी पडू नका. जागा बधिर करूनच तुकडा काढतात, तोही कडेचा. मधल्या सडक्या भागात बहुतेक मेलेलं मांस येतं आणि निदान होत नाही. फक्त जागा बधिर करणार असतील तर सहसा उपाशी राहावं लागत नाही. मधुमेह्यांनी तरी आधी फोन करून विचारावं.

रिपोर्टसोबत तुकड्याची स्लाइड (काचपट्टी) आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. मुंबईला टाटा कर्करोग रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं ठरलं तर ते लागतात. रिपोर्ट साधा आला पण गाठ वाढतच राहिली, तर पुन्हा तुकडा तपासायला सांगा.