गावात गॅस्ट्रोची साथ आल्यास नोंदवही कशी मांडावी आणि उगम कसा शोधावा

पावसाळ्यात गावातील तीन-चार घरांतून एकाच दिवशी हगवण-उलटीचे रुग्ण निघाले, की कोणी औषधासाठी धावतो आणि कोणी विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची पिशवी रिकामी करतो. औषध लागतेच, आणि ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घोट-घोट पाजण्यास जराही उशीर करू नये. पावडर टाकण्यापूर्वी मात्र पाण्याचा नमुना घ्यावा, कारण एकदा क्लोरीन मिसळले की ज्या पाण्याने माणसे आजारी पडली ते पाणी तपासणीसाठी उरतच नाही. आशा सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना कळवतानाच नमुन्यासाठी निर्जंतुक बाटली मागवावी. घरची धुतलेली बाटली चालत नाही.

त्याच दिवशी शाळेची साधी वही घेऊन नोंद सुरू करावी. नाव, वय, घर, पिण्याचे पाणी कोठले, मागच्या पाच दिवसांत तेरवी, लग्न वा महाप्रसादाचे जेवण झाले काय, आणि शेतावर कामाला गेल्यास तेथे कोणते पाणी प्यायले, एवढे विचारले तरी पुरे. सर्वांत मोलाचा रकाना त्रास सुरू झाल्याच्या तारखेचा असतो आणि नेमका तोच चुकतो. निंदणाला जाणारी बाई रोज बुडेल म्हणून दोन दिवस दुखणे अंगावर काढते आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दवाखान्यात जाते. ती दवाखान्याची तारीख वहीत चढली, की साथ बाजारातून आली असा समज पसरतो. म्हणून पहिली जुलाब कधी झाली, हे सकाळ-संध्याकाळपर्यंत विचारून लिहावे.

तारखा जमल्या की दिवसागणिक रुग्णांचे उभे रकाने काढावेत, जितके रुग्ण तितका उंच रकाना. रकाने एकदम वर चढून दोन-चार दिवसांत उतरले, तर बहुतेक रुग्णांना एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून लागण झाली असावी. आकडा बरेच दिवस वरच राहिला, तर तो उगम अजून वाहतो आहे. आणि आधी एक, मग त्याच्या घरातील दोन, मग शेजारचे तिघे अशी चढण असली, तर आजार हातांवरून आणि भांड्यांवरून फिरतो आहे. पटकीची (कॉलराची) लागण झाल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत त्रास दिसतो, म्हणून आठवडाभरापूर्वीची चौकशी पुरते. काविळीचे गणित वेगळे आहे. अ प्रकारची कावीळ साधारण 15 ते 50 दिवसांनी प्रकट होते आणि ई प्रकारचीही सहसा पाच-सहा आठवडे घेते. आषाढी पौर्णिमेला, म्हणजे आखाडीला, नळात शिरलेली घाण अशा रीतीने पोळ्याच्या सुमारास डोळ्यांत पिवळी दिसते, आणि तोवर फुटलेली पाइप कोणीतरी दुरुस्त करून विसरलेलाही असतो. कावीळ असल्यास गावातील गरोदर बायांची यादी प्रथम करावी. ई प्रकारच्या काविळीत शेवटच्या तिमाहीतील शंभरपैकी 20 ते 25 बाया दगावू शकतात.

यानंतर ग्रामपंचायतीच्या फरशीवर खडूने गावाचा नकाशा काढावा, त्यावर विहिरी, हातपंप, पाण्याची टाकी, नाल्या व नळाची लाइन दाखवावी आणि प्रत्येक रुग्णाच्या घरावर तुरीचा एक दाणा ठेवावा. दाणे कोठे दाटले हे निरक्षर माणसालाही दिसते. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नये. गावाच्या उताराकडील वस्तीत दाणे जास्त पडले, की त्या वस्तीच्या राहणीला नावे ठेवण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. पुष्कळदा पाइपलाइनचे शेवटचे टोक तेथे असते, दाब कमी असतो, म्हणून लोक नळाखाली खड्डा करून पाणी भरतात, आणि पुरवठा थांबला की खड्ड्यातील गढूळ पाणी तोटी नसलेल्या नळातून उलटे आत खेचले जाते. व्हॉल्व्हच्या खड्ड्याचेही तसेच. त्याचे झाकण उचलून आत नालीचे पाणी साचले आहे काय, हे स्वतः वाकून पाहावे. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये.

खरा पुरावा आजारी न पडलेल्यांकडून मिळतो, आणि त्यांच्याकडे कोणी जात नाही. समजा, देवळाजवळच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या 60 जणांपैकी 18 आजारी पडले आणि हातपंपाचे पाणी पिणाऱ्या 90 पैकी 3. पहिल्यांत शंभरी 30, दुसऱ्यांत जेमतेम 3. बोट विहिरीकडे वळते. मग त्या तिघांना पुन्हा भेटावे, कारण ते देवळात भजनाला बसून तेथलेच पाणी प्यायले असतील. 1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पटकीचा शोध घेताना इंग्रज डॉक्टर जॉन स्नो यांनीही हेच केले. शेजारच्या अनाथालयवजा कामगारगृहात 535 माणसे असून केवळ पाच दगावली होती, कारण तेथे स्वतःचा पंप होता. पुढे उगम ठरलेल्या, रस्त्यावरच्या पंपाचा दांडा काढला गेला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतः मान्य केले आहे. विहीर बंद केल्याचे श्रेय घेण्यापूर्वी आपणही रकाने पाहावेत. जुलै 2022 मध्ये मेळघाटातील पाचडोंगरी व कोयलारी येथे उघड्या विहिरीच्या पाण्याने जीव गेले, तेव्हा नळाचे पाणी बंद होते. म्हणून विहिरीला टाळे लावताना पर्यायी पाण्याचा टँकर त्याच दिवशी उभा करावा.

नमुना घेतल्यावर विहिरीचे शुद्धीकरण करावे. व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली आणि 3.14 यांचा गुणाकार करून चाराने भागल्यास घनमीटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असल्यास सुमारे 28 हजार लिटर. चांगल्या, म्हणजे सुमारे 33 टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीची मात्रा हजार लिटरला अडीच ग्रॅम धरल्यास 70 ग्रॅम लागतात. पावसाळी गढूळ पाण्याला अधिक लागते आणि ओल लागलेली पावडर तर बहुधा निकामी असते. पावडर बादलीत कालवून पाच-दहा मिनिटे निवळू द्यावी, वरची निवळी विहिरीत सोडावी आणि खालचा चुना बाहेर टाकावा. तासाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे काय याची ऑर्थोटोलिडिन चाचणी, करून घ्यावी. पाणी पिवळे झाले नाही, तर पुन्हा मात्रा द्यावी, आणि परीक्षानळीतला रंग लगेच वाचावा, कारण थोडा वेळ गेला की तो गडद होऊन फसवतो.

पटकीचा शेवटचा रुग्ण निघाल्यापासून दहा दिवस, म्हणजे लागणीपासून त्रास दिसेपर्यंतच्या काळाच्या दुप्पट, नवा रुग्ण मिळाला नाही, तर वही बंद करता येते. पोळ्याला उघडलेली काविळीची वही मात्र दिवाळी उलटल्याशिवाय मिटवता येत नाही.