लोड बॅलन्सरच्या मागचं ट्रॅफिक एन्क्रिप्ट करण्याआधीची तयारी

ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं, पण एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) नेहमीच्या मांडणीत ते ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरपाशी, म्हणजे रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या सेवेपाशीच उघडलं जातं. तिथून ॲप सर्व्हर आणि पुढे डेटाबेसपर्यंतचा प्रवास बऱ्याचदा उघड्यावरच होतो. म्हणून कन्सोल उघडण्याआधी कागद घ्या आणि रिक्वेस्टचा प्रत्येक टप्पा लिहून काढा. टप्प्यापुढे तीन रकाने हवेत: टीएलएस (कुलपामागचं एन्क्रिप्शन) कुठे संपतं, सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) कोणी दिलं, आणि ते तपासतं कोण. तिसरा रकाना भरताना बहुतेक टीम अडखळतात.

अडखळण्याचं कारण असं की तपासण्याची रीत प्रत्येक सेवेची वेगळी. ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर मागच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट पडताळत नाही. स्वतःच सही केलेलं किंवा मुदत संपलेलं असलं तरी त्याला चालतं. क्लाउडफ्रंट (वापरकर्त्याजवळून मजकूर देणारी एडब्ल्यूएसची सेवा) मात्र ओरिजिनचं, म्हणजे मागच्या मूळ सर्व्हरचं, सर्टिफिकेट मान्यताप्राप्त संस्थेचं आहे का आणि नाव जुळतं का ते बघतो, नाही जुळलं तर थेट ५०२ एरर. टार्गेट ग्रुप (लोड बॅलन्सरमागच्या सर्व्हरांचा गट) एचटीटीपीएसचा केलात की हेल्थ चेकचा (सर्व्हर ठीक आहे का या तपासणीचा) प्रोटोकॉलही त्याच वेळी बदला. तो एचटीटीपीवर राहिला आणि सर्व्हरने ३०१ (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’) दिला, तर २०० ची (‘सगळं ठीक’) वाट पाहणारा चेक धडधाकट सर्व्हरलाही आजारी ठरवतो.

‘नायट्रो इन्स्टन्समधलं ट्रॅफिक एडब्ल्यूएस आपोआप एन्क्रिप्ट करतं’ हे खरं आहे (इन्स्टन्स म्हणजे एडब्ल्यूएसवरचा सर्व्हर, नायट्रो ही त्याखालची एडब्ल्यूएसची यंत्रणा), पण ठरावीक इन्स्टन्स प्रकारांपुरतं. शिवाय मध्ये लोड बॅलन्सर किंवा ट्रान्झिट गेटवे (अनेक नेटवर्क जोडणारी सेवा) आला की ही सोय संपते. ऑडिटमध्ये एवढ्या एका वाक्यावर विसंबू नका.

सर्टिफिकेट एसीएमकडून (एडब्ल्यूएसच्या सर्टिफिकेट सेवेकडून) घेत असाल तर डोमेन तुमचं असल्याची पडताळणी डीएनएसने करा आणि त्यासाठी टाकलेली सीनेम नोंद (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी) नंतर पुसू नका. साफसफाईत ती उडाली की आपोआप होणारं नूतनीकरण थांबतं. सर्व्हरवर स्वतः सर्टिफिकेट बसवत असाल तर मधल्या दुव्यासकट (तुमच्या सर्टिफिकेटला मूळ संस्थेशी जोडणाऱ्या सर्टिफिकेटसकट) पूर्ण साखळी द्या. दुवा द्यायचा राहिला तरी बरेच ब्राउझर तो स्वतः मिळवून घेतात, कर्ल (कमांड लाइनचं टूल) आणि जावा मात्र अडतात, आणि मग ‘माझ्याकडे तर चालतंय’ सुरू होतं. हाताने नूतनीकरण करायची सवय आताच मोडा: सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आहे आणि १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येणार आहे.

सगळ्यात जास्त वेळ डेटाबेससाठी ठेवा. क्रम एकच: आधी सगळे क्लायंट (डेटाबेसला जोडणारे प्रोग्राम) टीएलएसवर आणा, सक्ती शेवटी. आरडीएसवरच्या (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेवरच्या) पोस्टग्रेस डेटाबेसचं उदाहरण घ्या. क्लायंट लायब्ररीचा मूळ एसएसएल (टीएलएसचं जुनं नाव) मोड ‘प्रिफर’ असतो, म्हणजे टीएलएस जमलं तर ठीक, नाहीतर गुपचूप साधं कनेक्शन. ‘रिक्वायर’ने ट्रॅफिक एन्क्रिप्ट होतं, पण समोर कोण आहे हे तपासलं जातंच असं नाही. हवा सर्टिफिकेट आणि नाव दोन्ही तपासणारा ‘व्हेरिफाय-फुल’, आणि त्यासाठी एडब्ल्यूएसची सर्टिफिकेट फाइल प्रत्येक कंटेनर इमेजमध्ये (ॲप ज्या साच्यातून चालतं त्यात). डेटाबेसला तुमच्या सोयीच्या सीनेमने जोडत असाल तर इथे नाव जुळणार नाही. आरडीएसचा मूळ एंडपॉइंटच (त्याने दिलेला पत्ता) वापरा. वैतागून पुन्हा ‘रिक्वायर’वर उतरणारे इथेच उतरतात. जावामध्ये ट्रस्टस्टोअर (विश्वासू सर्टिफिकेटांचा साठा) वेगळा असतो हेही ध्यानात असू द्या.

मग डेटाबेसमधला ‘पीजी स्टॅट एसएसएल’ (कोणतं कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे) हा व्ह्यू ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’शी (ते कोणाचं आहे) जोडून दिवसातून अनेकदा बघा, कमीत कमी एक पूर्ण महिना. महिनाअखेरचा रिपोर्ट, रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), कोणाच्या तरी लॅपटॉपवरचं क्वेरी टूल अशी साध्या कनेक्शनवरची उरलीसुरली मंडळी तिथे सापडतात. मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा मध्यस्थ) असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचं टीएलएस वेगवेगळं लावावं लागतं. यादी रिकामी झाली की मगच ‘फोर्स एसएसएल’ (टीएलएसची सक्ती करणारा पॅरामीटर) १ करा. पोस्टग्रेस १५ पासून आरडीएसवर तो मुळातच १ असतो, म्हणून आवृत्ती वाढवतानाही हीच यादी लागते. डीफॉल्ट पॅरामीटर ग्रुप (अशा सेटिंगांचा संच) बदलता येत नाही. स्वतःचा ग्रुप आधी बनवून जोडा, त्यासाठी रीबूटची वेळ ठरवा. सक्तीनंतर राहून गेलेल्या क्लायंटला ‘एचबीए फाइलमध्ये (कोणाला जोडू द्यायचं त्या यादीत) नोंद नाही’ अशी एरर येते. ती वाचून लोक सिक्युरिटी ग्रुप (एडब्ल्यूएसचे फायरवॉल नियम) उकरत बसतात; एररच्या शेवटी ‘एन्क्रिप्शन नाही’ लिहिलेलं असतं तिकडे बघा.

ऑफिस ते क्लाउड दुवा डायरेक्ट कनेक्टचा (एडब्ल्यूएसपर्यंतच्या थेट लाइनचा) असेल तर तो खासगी आहे, पण मुळात एन्क्रिप्टेड नाही. त्यावर आयपीसेक किंवा, पोर्टला आधार असेल तर, मॅकसेक लावा (दोन्ही नेटवर्कच्या पातळीवरचं एन्क्रिप्शन). टनेल कोणताही असो, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) कमी होतो; वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये १५०० बाइटचा १४२०. पिंग चालतो, एसएसएच जोडलं जातं, आणि मोठा रिस्पॉन्स मात्र अर्ध्यात लटकतो, असं झालं तर बहुधा आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४ (‘पॅकेट फार मोठं आहे’ हा निरोप) कुठेतरी अडवलेला असतो. तो मोकळा करा, एमएसएस क्लॅम्प (पॅकेट आधीच लहान ठेवणारं सेटिंग) लावा.

एचएसटीएस (‘या साइटवर ठरावीक मुदतीपर्यंत एचटीटीपीएसनेच ये’ असं ब्राउझरला सांगणारा हेडर) सर्वांत शेवटी. मुदत आधी ३०० सेकंद, आठवडाभर तक्रार नाही आली तर ३१५३६००० म्हणजे एक वर्ष. सबडोमेन सामील करण्याआधी एचटीटीपीवर चालणारं एखादं जुनं अंतर्गत पान उरलंय का ते शोधा, कारण ब्राउझरने वर्षाची मुदत लक्षात ठेवली की एचटीटीपीवरून ती मागे घेता येत नाही.